आतला दिवा

बलसमबाईंना बगदादच्या आमच्या गल्लीत दोन नावं होती. ज्यांच्या मुली त्यांच्याकडे इंग्रजी शिकल्या ते त्यांना ‘बाई’ म्हणत, आणि बाकीचे पाठीमागे ‘एजन्सी’. “एजन्सी आली गं, तोंडं आवरा,” असं शेजारची उम्म सरमद, म्हणजे सरमदची आई, भाजीच्या गाडीपाशी पुटपुटायची, आणि बाई जवळ आल्या की सगळ्यांत आधी तीच म्हणायची, “या ना बाई, चहा टाकते.”

मुलींच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. निर्बंधांच्या काळात मास्तरांच्या पगारात अंड्यांचा ट्रेसुद्धा येईना, तेव्हा बाई घरी खजूर भरलेली ‘कलेचा’ बिस्किटं भाजून विकायच्या. तीही व्याकरणासारखी, एकसारखी गोल. लग्न केलं नाही. वडिलांची दृष्टी गेली होती, त्यांना सांभाळत राहिल्या. मग युद्ध आलं, राजवट पडली, बगदादमध्ये परदेशी बातमीदारांची रीघ लागली आणि बाईंना एका परदेशी वृत्तसंस्थेने, म्हणजे त्या ‘एजन्सी’ने, दुभाषी म्हणून नेलं. पुढे परदेशी लोक हॉटेलच्या भिंतींबाहेर पडेनासे झाले, तेव्हा बाहेर जायचं कामही बाईंच्याच गळ्यात पडलं. त्या इस्पितळात जायच्या, फुटलेल्या रस्त्यावर जायच्या, पाहायच्या, विचारायच्या आणि फोनवरून सांगायच्या. तिकडे कोणीतरी ते लिहायचं.

त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. कोणी काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, “पाहिलंत की ऐकलंत?” उम्म सरमद एकदा म्हणाली, टोमॅटो महागलेत. बाई म्हणाल्या, “पाहिलंत की ऐकलंत?” तेव्हापासून आमच्या घरीसुद्धा ते रूढ झालं. मी जेवायला हाक मारली, भरल्या पानांचा डोल्मा झालाय म्हणून, की माझे यजमान अबू लैस जागचे न हलता ओरडायचे, “पाहिलंस की ऐकलंस?”

नातिक गेला त्या आठवड्यापर्यंत ही नुसती थट्टाच होती.

नातिक आमच्या गल्लीचा कूलर दुरुस्त करणारा. उन्हाळा लागला की त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नसे. मोटरला तेल घालताना कूलरशी बोलायचा, “काय हज्जी, दम लागला? वय झालं तुमचं.” त्याची आई हज्जिया नज्मा, बायको खुलूद आणि शाळेत जाणारी एक मुलगी, असं घर. त्या दिवशी मुलगी मावशीकडे राहिली आणि बाकीचे तिघं संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजानंतर गाडीने घरी परतत होते. आई पुढे, बायको मागे.

पुलाच्या उतारावर नेहमी आपल्या पोलिसांचा नाका असायचा. त्या दिवशी दुपारपासून तिथे परदेशी सैनिक येऊन उभे होते. हे नातिकला माहीत नव्हतं. संधिप्रकाशात लांबून त्याला नाका दिसला, एवढंच. त्यांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. नातिक जागीच गेला. हज्जियाच्या हातात काचा घुसल्या. खुलूदला ओरखडासुद्धा आला नाही, आणि त्याबद्दल ती पुढे किती दिवस लोकांच्या नजरेला नजर देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जनरेटरची वीज आली तसे अबू लैस टीव्हीसमोर बसले. एका चॅनेलवर सैन्याचं निवेदन वाचत होते: एक संशयित वाहन दिवे विझवून नाक्याकडे आलं, इशारा देऊनही थांबलं नाही. दुसऱ्यावर सांगत होते की बापाच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. तिसऱ्यावर गाणं वाजत होतं, नातिकचा लग्नातला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, शत्रूच्या नाक्यावर चालून गेलेला शहीद.

“गेला एक,” अबू लैस म्हणाले, “आणि हे तिघांना पुरतायत. यातला आपला कूलरवाला कुठला?”

मी म्हटलं, “बंद करा ते.” मग नमाजाच्या मुसल्यावर बसले, पण सूरा म्हणताना मला पहिल्यांदाच शब्द सापडेनात.

फातिहाला, म्हणजे दुखवट्याला, बायकांची बैठक हज्जियाच्या घरी होती. तिसऱ्या चॅनेलचा माणूस कॅमेरा घेऊन दाराशी आला. हाताला पट्टी बांधलेली हज्जिया उठून बाहेर गेली आणि म्हणाली, “माझ्या मुलाने दिवे विझवले नाहीत. दिवे चालू होते! सगळे चालू होते!” कॅमेरावाला म्हणाला, “हज्जिया, फोटो थोडा वर धरा आणि परत एकदा म्हणा.” तिने परत म्हटलं. आत बसलेल्या बायकांनीही म्हटलं, दिवे चालू होते. मीही म्हटलं. तिथे कोणाला दुसरं काय म्हणता आलं असतं?

बलसमबाई आल्या तेव्हा एकदम शांतता झाली. त्यांनी फातिहा वाचली, हज्जियाच्या खांद्याचं चुंबन घेतलं, कोपऱ्यात बसल्या. वही पर्समधून काढली नाही. उम्म सरमदने मला कोपराने ढोसलं, “बघ, डोळ्यांनीच टिपतेय.”

मी स्वयंपाकघरात चहाचे पेले विसळत होते. खुलूद तिथे आली, आणि तिच्यामागून बाई. मला पाहून बाई थांबल्या. खुलूद म्हणाली, “असू दे, खाला घरच्याच आहेत.” मग भिंतीला टेकली.

“बाई, दिवे त्यांनी विझवले होते.”

मी नळ बंद केला.

“पुढचे विझवले. आणि आतला लावला. आपण लावतो तसा. मी मागे बसले होते, त्यांच्या मानेवर उजेड पडलेला मी पाहिला. ऐकलेलं नाही हे, बाई. पाहिलेलं आहे.”

आमच्याकडे नाका आला की कोणीही हेच करतं. पोलिसाच्या डोळ्यांवर झोत मारणं म्हणजे उद्धटपणा. म्हणून लांबूनच पुढचे दिवे बंद करायचे, गाडी हळू करायची आणि आतला दिवा लावायचा. त्यात तोंडं दिसतात, मागे बसलेल्या बायका दिसतात, आणि पोलीस हात हलवून पुढे जायला सांगतो. कोणाच्या घरात शिरताना आपण दाराबाहेरून खाकरतो ना, तसंच आहे हे.

“मग हज्जिया असं का सांगतायत?” बाईंनी हळूच विचारलं.

“त्या निवेदनात दिवे विझवले असं आहे म्हणून. ते जे म्हणतील त्याच्या उलट म्हणायचं, म्हणजे मुलगा वाचला, असं वाटतं त्यांना.” खुलूदने ओढणीने तोंड पुसलं. “शाळेत पोरी माझ्या मुलीला विचारतायत, तुझा बाप बॉम्ब घेऊन गेला होता का. तिने काय सांगायचं? तीन चॅनेलांतलं कुठलं? तुम्ही लिहा बाई. पण दोन्ही लिहा. नुसतं विझवलेलं लिहू नका.”

“दोन्ही लिहीन,” बाई म्हणाल्या.

जाताना त्या हज्जियाजवळ बसल्या आणि त्यांनी आपला तो प्रश्न विचारला. इतक्या हळू की मला फक्त ओठ दिसले. हज्जियाने मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. “मी आई आहे! मला विचारतेस पाहिलं की ऐकलं? जा, तुझ्या गोऱ्यांना विचार!”

बाईंच्या वृत्तसंस्थेची बातमी दोन दिवसांनी आली. कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानातल्या पोराने ती अरबीत करून कागदावर छापली आणि कागद भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत फिरला. नातिकचं नाव होतं, कूलर दुरुस्त करायचा हेही होतं. पण मधलं एक वाक्य असं होतं: मोटारीचे पुढचे दिवे बंद करण्यात आले होते, हे कुटुंबातील व्यक्तीनेही मान्य केलं.

बस. आतला दिवा नव्हताच.

संध्याकाळपर्यंत बाईंच्या दारावर कोणीतरी कोळशाने लिहून गेलं, विकलेली. त्यांचे वडील रोज दाराला हात लावून बाहेर ओट्यावर येऊन बसत. त्यांच्या बोटांना काळं लागलं, तेव्हा त्यांनी विचारलं, हे काय आहे. बाई म्हणाल्या, धूर बसलाय बाबा. मी समोरच होते. बलसमबाईंना खोटं बोलताना मी पाहिलं ते तेवढंच.

आणि हज्जियाच्या घरात वेगळंच. ‘कुटुंबातील व्यक्ती’ म्हणजे कोण, हे हज्जियाला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने खुलूदशी बोलणं टाकलं. एका स्वयंपाकघरात दोन बायका, आणि मीठ हवं असलं तर हज्जिया नातीला सांगे, तुझ्या आईला विचार मीठ कुठंय.

बाई माझ्याकडे आल्या त्या मागच्या दाराने. मी वांगी सोलत होते. सुरी घेऊन त्याही सोलायला लागल्या आणि सालाबरोबर निम्मं वांगं काढू लागल्या.

“वाक्य माझंच आहे, उम्म लैस,” त्या म्हणाल्या. “फक्त निम्मं आहे. मी सांगितलं होतं, त्याने पुढचे दिवे बंद केले आणि आतला दिवा लावला. लांबी जास्त झाली म्हणून मागचं कापलं.”

अबू लैस बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. ते दारात आले. “लांबी? बाई, तुम्ही इतक्या शिकलेल्या, आणि यावर विश्वास ठेवता? मुद्दाम कापलंय. त्यांच्या सैन्याला वाचवायला.”

“पाहिलंत की ऐकलंत, अबू लैस?”

ते चौकटीला टेकले. मग म्हणाले, “पाहायला काय हवं? दरवेळी त्यांचंच निवेदन वर आणि आपलं मढं खाली.”

“हे पाहिलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “हे खरं आहे तुमचं. सैन्य बोललं की लगेच छापतात, आणि आपण बोललो की विचारतात, दुसरा साक्षीदार आहे का. यावर मी रोज भांडते.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “पण ही ओळ कापणाऱ्याशी मी फोनवर भांडले ना, तेव्हा तो खरंच गोंधळला होता. म्हणाला, गाडीत दिवा लागला काय नि न लागला काय, त्याचा गोळीबाराशी काय संबंध? त्याला माहीतच नाही. आणि मी समजावून लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की हे कोणाला माहीत नसेल.”

मलाही आलं नसतं. पाण्यात मीठ विरघळतं हे कोण समजावून सांगतं?

मला तेव्हा त्या सैनिकांचा विचार आला, आणि आला म्हणून रागही आला. तेही माहीत नसलेलेच. दिवे विझवून अंधारात पुढे सरकणारी गाडी तेवढी त्यांना दिसली; आत लागलेला दिवा म्हणजे सलाम, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कुराण शिकवणारी मुल्लाया आम्हाला नेहमी सांगते की न पारखलेली बातमी पुढे दिली तर तिने होणाऱ्या नुकसानात आपला वाटा असतो. आम्ही बायका ते ऐकून मान डोलावतो, आणि उठता उठता शेजारणीबद्दल काहीतरी कुजबुजतोच. पण इथे तर सैन्य आणि वृत्तसंस्था यांच्यापैकी खोटं कोणी बोललंच नव्हतं. निवेदन अर्धं खरं, वृत्तसंस्था अर्धी खरी, आणि खोटं बोलली ती हज्जिया, जिला खऱ्याची सगळ्यांत जास्त गरज होती.

“एक काम कराल का?” बाईंनी विचारलं. “आमचा मुख्य बातमीदार डेनिस इथेच आहे, हॉटेलात. तो गाडीतून एक फेरी मारायला तयार झालाय. मी एकटी परक्या पुरुषाबरोबर कशी जाऊ? तुम्ही मागे बसा.”

मी अबू लैसकडे पाहिलं. वाटलं, आता स्फोट होतो.

“परक्या पुरुषाबरोबर माझी बायको मागे बसणार,” ते म्हणाले, “म्हणजे परका पुरुष सुरक्षित. जा बाई, जा. तिने कुराणाची आयत म्हणायला सुरुवात केली की गोळीसुद्धा वाट बदलते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बाईंच्या वडिलांची जुनी गाडी, बाई चालवायला, शेजारी डेनिस. उंच, उन्हाने भाजून लाल झालेला माणूस. त्याला आमच्याकडचा सदरा घालून डोक्याला रुमाल बांधला होता, तरी तो अंघोळीहून आलेल्या उंटासारखा दिसत होता. बाईंनी त्याला बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. मी मागे बसून ओठांतल्या ओठांत आयत म्हणत होते. फेरी कशासाठी, हे बाईंनी त्याला सांगितलेलं नव्हतं.

सूर्य बुडून थोडा वेळ झाला होता. आपल्या पोलिसांचा नाका लांबून दिसला. बाईंनी वेग कमी केला आणि पुढचे दिवे बंद केले.

डेनिसने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला आणि तो ओरडला, “लाइट्स! बलसम, लाइट्स!” एवढं इंग्रजी मलाही कळलं.

बाईंनी हात वर करून आतला दिवा लावला. आम्ही तिघं एकमेकांना दिसलो. डेनिसचा चेहरा घामाने भिजला होता. गाडी हळूहळू पुढे गेली. पोलीस पोरगेलासा होता. त्याने वाकून पाहिलं, मी दिसले. “सलाम, खाला.” “सलाम बेटा, अल्लाह तुला सुखरूप ठेवो.” त्याने हात हलवला. पुढे गेल्यावर बाईंनी आतला दिवा मालवला आणि पुढचे लावले.

मग डेनिसने काहीतरी विचारलं.

“विचारतोय, सगळेच असं करतात का?” बाई मला म्हणाल्या.

“त्याला विचारा, त्यांच्याकडे काय करतात?” मी म्हटलं. “तोंड न दाखवता पुढे जातात?”

बाईंनी ते सांगितलं असावं. तो हसला नाही. त्याने हात वर करून आतल्या दिव्याचं बटण चाचपून पाहिलं.

नवी बातमी मोठी होती, आणि यावेळी तिच्यात आतला दिवा अगदी वरच होता. बाई कागद घेऊन स्वतः हज्जियाकडे गेल्या, मला सोबत घेऊन. उम्म सरमद होतीच. खुलूद दाराआड उभी. हज्जियाने ‘या’ म्हटलं नाही, पण ‘जा’ही म्हटलं नाही. बाईंनी अरबी करत करत सगळं वाचलं. त्यात एक परिच्छेद नाक्यावरच्या एका सैनिकाचा होता. दिवे विझले तेव्हा मला वाटलं, आता आपलं संपलं, असं तो म्हणाला होता.

“त्या मेल्याचं कशाला लिहिलंय?” उम्म सरमद उसळली.

“तो घाबरला होता असं तो म्हणतो,” बाई म्हणाल्या. “ते मी ऐकलं. पाहिलेलं नाही. म्हणून ‘म्हणाला’ असं लिहिलंय.”

हज्जिया जमिनीकडे बघत होती. “दिवे विझवले होते, असं आहे यात?”

“आहे, हज्जिया.”

“आणि आतला?”

“तोही आहे. वरच आहे.”

हज्जियाने पट्टी बांधलेल्या हाताने कागद मागितला. तिला वाचता येत नव्हतं. तिने तो उलटा धरून खूप वेळ पाहिला आणि घडी करून उशीखाली ठेवला. बाईंशी ती एक शब्द बोलली नाही. आम्ही चहा न पिता बाहेर पडलो.

“कोण वाचणार ते?” अबू लैस रात्री म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. एकाही चॅनेलने ती बातमी घेतली नाही. बाईंच्या दारावरचा कोळसा मी आणि त्यांनी मिळून धुतला, तरी अक्षरांची सावली राहिलीच. ‘एजन्सी’ हे नावही राहिलं.

चाळिसावा दिवस आला. हज्जियाच्या घरी कुराणपठणाचं खतम होतं, आणि तिसऱ्या चॅनेलचा तोच माणूस पुन्हा कॅमेरा घेऊन दारात. शहिदाच्या आईचे दोन शब्द हवेत, म्हणाला. हज्जियाने त्याला आत बोलावलं. खुलूद तेव्हा चहाचं तबक घेऊन आली होती. हज्जियाने सरकून शेजारी जागा केली आणि सतरंजीवर हात आपटला. “बस इथे.” खुलूद तबकासकट बसली.

“माझ्या मुलाने दिवे विझवले होते,” हज्जिया कॅमेऱ्यात म्हणाली.

कॅमेरावाल्याने मान बाहेर काढली. “हज्जिया, तसं नको. मागच्या वेळी म्हणालात तसं म्हणा.”

“मागच्या वेळी मी त्यांचं निवेदन ऐकून उलट म्हणाले. आता पाहिलेलं सांगते. मी पुढे बसले होते.” तिने खुलूदचं तबक बाजूला सरकवलं. “त्याने पुढचे दिवे विझवले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, यम्मा, आता आतला दिवा लावतो, तुझा अबाया नीट कर. मी अबाया नीट केला. मग त्याने दिवा लावला. हसत होता. सलाम करायला त्याने हात वर नेला होता.”

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. हे चालणार नाही, असं काहीतरी पुटपुटला. खुलूदने त्याला चहा दिला. तो घाईने घोट घेऊन निघून गेला.

बलसमबाई कोपऱ्यात होत्या. वही पर्समध्येच. हज्जियाने त्यांच्याकडे पाहून हनुवटीने खूण केली.

“लिही ना. काय बघतेस?”

ते कुठल्याच चॅनेलवर दिसलं नाही. पण त्या आठवड्यात नातिकच्या मुलीला वर्गात पुन्हा कोणीतरी विचारलं, तेव्हा तिने काय सांगितलं ते उम्म सरमदच्या नातीने घरी येऊन सांगितलं. माझे बाबा दिवा लावून आजीचा अबाया नीट आहे का ते बघत होते, असं ती म्हणाली म्हणे. उम्म सरमदने हे मला सांगितलं आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “ऐकलंय गं बाई, पाहिलेलं नाही.”